सुकटीतला सोमल

आमच्या लेकीची सोयरीक जवळजवळ पक्की झाली होती. ती मोडायला फक्त माझं एक वाक्य कमी होतं. ते मी अलिबागला, व्याह्यांच्या पडवीत, पहिल्याच पंगतीला बसून पुरवलं.

झालं असं. पाहुणे समुद्राकाठचे. आम्ही भोकरदनचे, आमच्याकडे पाणी नळाला येतं किंवा येत नाही, पाण्याशी आमचा एवढाच संबंध. विहीणबाईंनी मानानं कोळंबीचं कालवण वाढलं. एकेक कोळंबी बोटाएवढी. सगळे माझ्या पहिल्या घासाकडे बघत होते. मुलीच्या बापानं अशा वेळी "वा!" म्हणावं आणि खाली मान घालून जेवावं, इतकी साधी रीत आहे. पण मी पडलो मास्तर. पन्नाशीला टेकलो तरी समोर चार माणसं गप्प बसली की मला तास सुरू झाल्यासारखं वाटतं. मी एक कोळंबी उचलून डोळ्यांसमोर धरली आणि म्हणालो, "ह्याच्यात सोमल असतो बरं का, व्याहीबुवा. उंदीर मारायचा असतो ना, त्यातलाच."

वाक्याचा दुसरा भाग जिभेवर तयार होता. तो असा की, तरीसुद्धा त्यानं माणसाला काही होत नाही. पण दोन भागांच्या मध्ये थोडं थांबलं की परिणाम साधतो, हे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवत आलोय. मी थांबलो, परिणामासाठी कालवणाचा भुरका मारला, आणि ठसका लागला. असा लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंड लालबुंद. जावईबापू पाठीवर थापट्या मारताहेत आणि विहीणबाईंचा वाढता हात पातेल्यावर तसाच थांबलाय. पंगतीतले सगळे हात थांबले. माझी बायको तेवढी खाली मान घालून जेवत राहिली.

दुसरा भाग मी सांगितला, नाही असं नाही. पण घसा मोकळा होईस्तोवर पातेलं आत गेलं होतं आणि बटाट्याची भाजी बाहेर आली होती.

पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये काय काय होऊ शकतं, हे मला खरं म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि ते वाक्य तरी माझं कुठं होतं? ते आमच्या सरांचं.

सर म्हणजे माझे गुरू नव्हेत, माझ्या शाळेतले सहकारी. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी भोकरदनच्या एका शाळेत मराठी शिकवायला नवा लागलो होतो, लग्नही नवं होतं. आमचा जिल्हा तेव्हा औरंगाबाद. जालना म्हणजे मोंढ्याचा घाऊक बाजार आणि रेल्वे. सर विज्ञान शिकवायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. अंगानं काटकुळे, कानावर केस, आणि उजव्या हाताची बोटं तेजाबानं कायमची पिवळी. शर्टाच्या खिशात दोन पुड्या. एकीत लिटमसच्या कागदाचे कपटे, दुसरीत तव्यावर भाजलेली सुकट, म्हणजे ती बारीक वाळलेली कोळंबी. बाकीचे मास्तर मधल्या सुट्टीत सुपारी काढायचे, सर सुकट काढायचे. "घ्या की," म्हणायचे. कुणी घ्यायचं नाही. "राह्यलं," म्हणून स्वतःच खायचे आणि बोटं हुंगायचे.

लिटमसचा कागद ते कशातही बुडवायचे. हॉटेलचा चहा, आडाचं पाणी, ताक. एकदा हेडमास्तर जांब समर्थला जाऊन आले आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाला तीर्थ द्यायला लागले. पळीनं तळहातावर घालायचे. आमच्या हातावर पळी टेकत होती, सरांच्या हातावर तीच पळी वीतभर उंचावरून रिकामी झाली. सरांनी तळहाताकडे पाहिलं, खिशातून निळा कपटा काढला आणि त्यात बुडवला. कपटा तांबूस झाला.

"आंबट हाय," सर म्हणाले. "उंचावरून पडलं म्हणून न्हाई, हेडसर. दही पडलंय त्याच्यात."

आणि पिऊन टाकलं.

सर बौद्ध होते. गावातल्या त्यांच्या वस्तीनं छप्पन साली धर्म बदलला त्याला तेव्हा वीसेक वर्षं होत आली होती. पण स्टाफरूमच्या खिडकीत एक कपबशी वेगळी ठेवलेली असायची, पांढरी, कडेला हिरवी रेघ असलेली. ती कुणी ठेवली, कुणी ठरवलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. शिपाई सगळ्यांना चहा ट्रेमध्ये आणायचा आणि सर स्वतः उठून खिडकीकडे जायचे. मी एकदा म्हणालो, "सर, हे काही बरोबर नाही." तर म्हणाले, "कशाबरोबर?"

हा त्यांचा परवलीचा शब्द. शाळा त्यांना पाठीमागं "कशाबरोबर सर"च म्हणायची. पोरानं विचारावं, "सर, अमुक चांगलं की वाईट?" की सरांचा उलटा सवाल, "कशाबरोबर?" मग समजावून सांगायचे: सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन हुंगला तर माणूस मरतो, दोघांची जोडी लागली की भाजीत घालायचं मीठ. "एकट्याचा गुण ईचारूच नका. कुणाशी बांधलाय ते ईचारा." हे इतकं हाडीमाशी खिळलेलं की पगाराच्या दिवशी क्लार्क म्हणाला, "सर, पगार आला," तरी तोंडातून निघायचं, "कशाबरोबर?" आणि सगळं ऑफिस हसायचं. सरही हसायचे.

घरी सरांची मोठी बहीण होती, आक्का. लहानपणी विधवा झालेली. आई-बाप लवकर गेले, तेव्हा ह्या भावाला तिनंच वाढवला. आठवडी बाजारात ती सुकट विकायची. वेताची रुंद टोपली, त्यात सुकटीचा ढीग, बाजूला थोडे बोंबील, आणि हातात तागडी. तोलून झाल्यावर वरून एक चिमूट घालायची आणि म्हणायची, "ही लेकरायची." जालन्याच्या मोंढ्यातून पोतं आणायची, एसटीच्या टपावर टाकून. कंडक्टर वासाबद्दल कुरकुरला की म्हणायची, "बाबा, ह्या वासावर आमच्या घरात बीएस्सी झालीया." ते खरंच होतं. औरंगाबादच्या कॉलेजातला सरांचा सगळा खर्च त्या टोपलीतून निघालेला. सर सांगायचे, "माझ्या डिग्रीला हुंगून बघा. कागदाला सुकटीचा वास हाय."

दरवर्षी वरच्या वर्गाला सर एक प्रयोग दाखवायचे. तो पुस्तकात नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. त्याला दोन तास लागायचे. पहिल्या तासाला सुकटीतून सोमल काढायचा, दुसऱ्या तासाला पोरांच्या डोक्यातून सोमलाची भीती काढायची.

तयारी आधीपासून चालायची. आक्काच्या टोपलीतलीच सुकट आणून ती कडक तेजाबात स्टोव्हवर उकळत ठेवायची, पार तिचं पाणी होईपर्यंत. त्या दिवसांत आमच्या मराठीच्या कवितांनासुद्धा तेजाबाचा वास यायचा. मग वर्गासमोर काचेच्या पात्रात जस्त आणि सौम्य तेजाब घालून त्यातून निघणारा वायू पेटवायचा आणि त्या ज्योतीवर थंड बशी धरायची. बशी कोणती? तीच, हिरव्या रेघेची. "हिच्यात दुसरं कुणी पीत न्हाई, म्हणून हीच बरी," म्हणायचे. पहिल्यांदा बशी कोरीच राहायची. "बघा, जस्त साफ हाय, तेजाब साफ हाय. आता जे निघंल ते सुकटीचं." मग ते सुकटीचं पाणी पात्रात ओतायचं. ज्योतीचा रंग फिरायचा आणि बशीवर आरशासारखा चकचकीत काळा डाग उमटायचा.

"हा सोमल," सर म्हणायचे.

पोरं बाकासकट मागं सरायची.

दुसऱ्या दिवशी दुसरा तास. त्यात सर आधी मूठभर सुकट खाऊन दाखवायचे आणि मग सांगायचे की समुद्रातल्या ह्या किड्यानं सोमलाला कशाशी तरी असं घट्ट बांधून ठेवलंय की तो पोटात येतो तसाच लघवीवाटे निघून जातो, वाटेत कुणाला हात लावत नाही. उंदराचं औषध म्हणून दुकानात मिळतो तो सोमल वेगळ्या जोडीतला, तो मारतो. "नाव एकच, पर संगत येगळी." मग हमखास एखादं चलाख पोर विचारायचं, "कशाबरोबर बांधलाय, सर?" सरांचा चेहरा ह्या एका प्रश्नाला उजळायचा. "तेच तं अजून कुणाला घावलं न्हाई. जगात कुणालाच न्हाई. लोकं हुडकून राह्यलेत." मी मागच्या बाकावर बसून दोनदा हा तास ऐकला आहे. परमेश्वराबद्दलसुद्धा माणसं इतक्या मायेनं बोलत नाहीत.

त्या वर्षी वेळापत्रक बदललं होतं. पहिला तास बाजाराच्या आदल्या दिवशी शेवटचा पडला. डाग उमटला, "हा सोमल" म्हणून झालं, घंटा झाली, पोरं पळाली. बाजाराच्या दिवशी शाळा अर्धा दिवस आणि विज्ञानाचा तास नाही. सरांच्या हे ध्यानातच आलं नाही. डागाच्या नादात होते. त्या वर्षीचा डाग फार सुंदर आला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या आत अर्धं वाक्य गावभर झालं. "सरानं सुकटीतून सोमल काढून दावला. आमच्या पोरानं डोळ्यानं बघितला. बशी काळी झाली." शास्त्रज्ञानं सांगितलेलं, पोरांनी पाहिलेलं, ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मी बाजारात गेलो तर आक्काच्या टोपलीपुढं मोकळी जागा. तिच्या ढिगावर सकाळपासून बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "काय वो मास्तर, तुमच्या सरानं काय सांगून ठिवलं पोरायला? बाया लांबूनच बघून राह्यल्या अन् पदर तोंडाला लावून चालल्या."

"गैरसमज आहे, आक्का. दुसरा तास राहिलाय."

"मंग घ्या म्हनावं जल्दी," आक्का म्हणाली. "ऊन चढून राह्यलं."

सरांनी सोमवारी दुसरा तास घेतला. पोरांनी नीट ऐकला. पण सोमलासारखी बातमी पोर घरी पळत नेतं. सोमलानं काही होत नाही ही काय बातमी आहे? त्यात पावसाळी दिवस, कुणाच्या तरी घरी जुलाब-उलट्या झाल्या आणि त्यांनी सुकट खाल्ली होती असं निघालं. त्या घरी सुकट शिजतच नव्हती, असंही नंतर निघालं. पण नंतर.

पुढच्या बाजारी एका किराणा दुकानदारानं गल्ल्यावर काचेची बरणी मांडली. तिच्यात सुकट. "आपली निवडलेली हाय. हिच्यात तसलं काय न्हाई." बरणीला झाकण होतं, झाकणाला फडकं होतं. बाया टोपली ओलांडून बरणीकडे जायला लागल्या. सर त्या दुकानातून छटाकभर घेऊन आले, तेजाबात उकळली आणि बशी धरली. तसाच डाग, तेवढाच काळा. उगाच केली मेहनत. दुकानदाराचं पोतं आणि आक्काचं पोतं जालन्याला एकाच वखारीतून उचललेलं होतं, हे आक्कानं तेजाबाशिवायच सांगितलं असतं. सर बशी घेऊन दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, "सर, तुमची बशीच तशी हाय. खालून काळी."

मग सरांनी ठरवलं की बाजारातच तास घ्यायचा.

त्या दिवशी मी होतो. बायकोनं पिशवी देऊन बाजाराला पाठवलं होतं. सर स्वच्छ पांढरा शर्ट घालून आक्काच्या टोपलीशेजारी पोत्यावर बसलेले. हां हां म्हणता कडं जमलं. सरांनी टोपलीतून मूठ भरून सुकट घेतली, कच्चीच, आणि चावायला लागले. एक मूठ, दुसरी मूठ. घशाखाली उतरेना, तरी खात होते. आक्का पाण्याचा तांब्या पुढं करत होती आणि हळूच म्हणत होती, "अरं बस कर. पोट दुखंल." सर लोकांना सांगत होते, "बघा. सोमल हाय, मी कवा न्हाई म्हनलो? हाय! पर बांधलेला हाय. मी आज खाल्ली, उद्या तुमच्यासमोर उभा ऱ्हातो. मेलो तर सुकट खराब, जगलो तर घ्या इकत. बराबर?"

लोक गमतीनं बघत होते. डोंबाऱ्याच्या खेळाला बघतात तसे. तेवढ्यात कड्यातला एक जण म्हणाला, बऱ्यापैकी मळा असलेला, माणूस चांगला:

"सर, तुमाला काय हुतंय? तुमच्या लोकायचं पोटच येगळं. तुमाला काय बी पचतंय."

लोक हसले. वाईट मनानं नव्हे. एखादी सोपी गोष्ट अखेर कळावी तसे हसले. सरांची चावणारी दाढ थांबली. मूठ उघडी राहिली, तिच्यातली सुकट पुन्हा टोपलीत सांडली. आता ती उष्टी झाली म्हणून आणखी कुणीतरी हसलं. आक्का उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "दाजी, आमचं पोट येगळं आसतं तं तुमच्या मळ्यात राबाया आलं नसतं. हटा, वारं येऊ द्या."

कडं पांगलं. एक दाणा विकला गेला नाही. मीही मग अर्धा किलो वांगी घेतली आणि घरी आलो.

"पोट येगळं" हे सरांच्या डोक्यात जाऊन बसलं. दुसरा कुणी असता तर त्यानं ती शिवी समजून गिळली असती. सरांनी तिचा आक्षेप केला. मला म्हणाले, "मुद्दा हाय त्याचा. मी जिता ऱ्हायलो एवढ्यानं काय शाबीत होत न्हाई. सोमल माझ्या पोटातून भाईर पडला, हे दावायला पाहिजे. मंग पोट येगळं का सोमल येगळा, ते कळंल." आणि शाळा सुटल्यावर ते प्रयोगशाळेत स्वतःची लघवी उकळायला लागले.

आता ह्यावर हसायला हरकत नाही. मीही हसलो होतो. सरांनी सुकट खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवसाचा नमुना, तिसऱ्या दिवसाचा, चौथ्या दिवसाचा, अशी काचपात्रं ओळीनं मांडली होती. तेजाब घालून आटवायची, मग ज्योत, मग बशी. दुसऱ्या दिवसाच्या नमुन्याचा डाग ठसठशीत आला. तिसऱ्याचा फिका. चौथ्या दिवशी बशी कोरी. सरांनी मला हाताला धरून नेलं आणि ती कोरी बशी दाखवली. "पाव्हणा आला, पाव्हणा गेला," म्हणाले. "भांडंसुद्धा इसरून गेला न्हाई." एवढा आनंद मी कोऱ्या बशीचा कुणाला झालेला पाहिलेला नाही.

पण वासानं शिपाई आला होता. शिपायानं हेडमास्तरांना सांगितलं आणि हेडमास्तरांनी संस्थेच्या मंडळींना.

बैठक स्टाफरूममध्येच भरली. आम्ही सगळे भिंतीला लागून. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही शाळेत लघवी उकळली?"

"हो."

"कुणाची?"

"माझीच. दुसऱ्याची कशी मागू?"

कुणीतरी खोकला दाबला. हेडमास्तर म्हणाले, "सर, ही प्रयोगशाळा आहे. सरस्वतीचं ठिकाण आहे."

"दवाखान्यातबी तपासत्यात की, हेडसर. बाटलीत मागत्यात."

"तो दवाखाना," अध्यक्ष म्हणाले. आणि मग एक जुने सभासद हळू आवाजात म्हणाले, "दुसऱ्या कुणी केलं असतं तर एकवेळ धुऊन टाकता आलं असतं. ह्यांनी सगळी शाळा बाटवली."

सर उभेच होते. त्यांनी सवयीनं खिशाला हात लावला, पुडीला की लिटमसला कोण जाणे, आणि म्हणाले:

"काका, सोमलसुद्धा तीन दिवसांत निघून जातो. मी आत्ताच शाबीत केलं. तुमचा हा बाट कशाबरोबर बांधलाय की निघतच न्हाई?"

ह्याचं उत्तर म्हणून शिक्षा आली. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. ती पात्रं, आणि त्यांच्याबरोबर ती हिरव्या रेघेची कपबशी, शाळेमागच्या खड्ड्यात फोडून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा धुतली आणि मग त्या जुन्या सभासदांच्या घरून तांब्या आला आणि सगळीकडे गोमूत्र शिंपडलं.

सर व्हरांड्यातून बघत होते. मी शेजारी होतो. मला म्हणाले, "बघा, अध्यक्षांनी दुसरा सवाल बराबर ईचारला होता. मीच चुकीचं उत्तर दिलं."

"कोणता सवाल?"

"'कुणाची?'"

आणि हसले. मराठीच्या तासाला मी पोरांना विनोदाची व्याख्या सांगत असे. त्यानंतर त्या धड्याला आलो की मनावर ओरखडा उठायचा, म्हणून घाईत उरकायचो.

महिनाभरात सरांची बदली झाली, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला. तिथं प्रयोगशाळा नव्हती, हाच त्या शाळेचा गुण. निघायच्या आधी मी घरी गेलो. टोपली भिंतीला पालथी टेकवलेली होती. सर सामान बांधत होते आणि आक्का चुलीपुढं बसून त्यांच्याकडे न बघता बोलत होती.

"माझ्या टोपलीवर शिकला, अन् शिकून टोपलीच बुडवली. ह्याला म्हनत्यात शिक्शान."

सर दोरीची गाठ मारत राहिले.

आक्कानं विचारलं, "पर खोटं तं न्हाई ना बोलला?"

"न्हाई, आक्का."

"अर्धं ऱ्हायलं, एवढंच ना?"

"व्हय. अर्धं ऱ्हायलं."

"मंग जाऊ दे," आक्का म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.

ती सरांबरोबर गेली नाही. इथंच राहिली आणि बियाण्याच्या प्लॉटवर रोजानं जायला लागली, कपाशीच्या फुलांची लग्नं लावायला. एका झाडाचं फूल खुडायचं आणि दुसऱ्या झाडाच्या फुलाला घासायचं, असं दिवसभर उन्हात. मला रस्त्यात भेटली की म्हणायची, "कशाबरोबर ते आता मीच ठरवते, मास्तर."

सर त्यानंतर मला एकदाच भेटले, तीन-चार वर्षांनी, जालन्याच्या स्टँडवर. केस पांढरे झालेले. बोटं मात्र साफ, पिवळेपणा पार गेलेला. शाळेचं विचारलं तर म्हणाले, "बरं चाललंय. प्रश्नोत्तरं लिहून देतो, पोरं पाठ करून घेतेत. निकाल चांगला लागतो." मग इकडंतिकडं बघून, चोरीची गोष्ट सांगावी तसे जवळ आले.

"घावलं," म्हणाले.

"काय, सर?"

"कशाबरोबर ते. औरंगाबादला कॉलेजच्या लायब्ररीत गेल्तो, तिथं वाचलं. बाहेरदेशी त्यांच्या समुद्रातल्या कोळंबीच्या मोठ्या जातीतून त्यांनी तो जोड येगळा काढला. कार्बनाबरोबर बांधलेला, बिलकुल निरुपद्रवी. पोटात जातो तसाच बाहेर. आपण म्हनत होतो तसंच." हे बोलताना क्षणभर तो जुना चेहरा वर आला.

"आक्काला सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हनली, टोपली मोडून चुलीत घातली त्याला दोन उन्हाळे झाले. आता घावलं व्हय?"

त्यांची गाडी लागायला वेळ होता. मी म्हणालो, "चहा घेऊ या, सर?" आणि वाट बघत उभा राहिलो. मला वाटलं, आता म्हणतील, "कशाबरोबर?"

"घेऊ," सर म्हणाले.

अलिबागहून परतताना एसटीत हे सगळं मी बायकोला सांगितलं. खरं तर स्वतःचं समर्थन म्हणून सुरू केलं होतं, की बाई, ते वाक्य मूळचं किती थोर माणसाचं आहे आणि दुसरा भाग राहिला की कसा अनर्थ होतो. सांगता सांगता लांबलं. लेक पुढच्या बाकावर झोपून गेली होती. सोयरीक मोडली नाही, हेही सांगून टाकतो. निघताना विहीणबाईंनी आम्हाला वाळवलेल्या सोड्यांची, म्हणजे सोललेल्या कोळंबीची, पुडी बांधून दिली होती. ती बायकोच्या मांडीवर होती आणि तिचा वास गाडीभर पसरला होता.

माझं बोलून झालं तरी बायको खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तीही झोपली. मग म्हणाली,

"सगळं बराबर सांगितलं. फक्त बाजाराच्या दिवसाचं तेवढं अर्धं ठेवलं."

"काय अर्धं ठेवलं?"

"वांगी घरात होतीच," ती म्हणाली. "मी सुकट आणा म्हणून सांगितलं होतं."